डांबरगोळ्यांचा वास बसलेली पैठणी आणि डिसेंबरातलं लग्न

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासूबाईंची सहावारी पैठणी, पोपटी अंगाची, लाल काठांची, खऱ्या जरीची. पस्तीसेक वर्षं लाकडी कपाटात डांबरगोळ्यांच्या सोबतीनं राहिली. डिसेंबरात मुलीचं लग्न आहे आणि मुलीला बोहल्यावर तीच नेसायची आहे. जूनमध्ये एकदा ड्रायक्लीन करून आणली. चार दिवस बरी वाटली, मग डांबराचा वास परत आला आणि त्याच्याखाली एक कुबट वासही जाणवायला लागला. आता ऑगस्ट संपत आलाय. गॅलरीत उन्हात घालू का, खायचा सोडा भुरभुरवू का, की सौम्य शाम्पूनं घरीच धुऊन काढू, असं त्यांनी विचारलंय.

ताई, पाणी लावू नका, ही पहिली विनंती. मी पुण्यात गेली 26 वर्षं जुन्या रेशमी साड्यांचं काम करते. रफू, विरलेल्या अंगावरून काठ-पदर उतरवून नव्या अंगावर चढवणं, जुन्या घड्या सोडवणं, असं सगळं. माझ्याकडे रडवेल्या चेहऱ्यानं आलेल्या साड्यांत घरी धुतलेल्या साड्या सगळ्यात जास्त असतात. त्या काळचे लाल आणि जांभळे रंग पाण्यात सुटतात, आणि लाल काठ एकदा पोपटी अंगात उतरला की तो परत काढता येत नाही. शिवाय जरीचा गाभा आणि अंगाचं रेशीम सारखं आटत नाही, त्यामुळे काठ चुण्या पडून गोळा होतो. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमकुवतही असतं. पस्तीस वर्षांच्या साडीला पिळणं सोडाच, ओलेपणी नुसतं उचलणंही पेलत नाही.

तुम्ही विचारलंय वास कसा घालवू. मला मात्र आधी हे ठरवावं लागेल की वास कुठला आहे. तुमच्या वर्णनावरून साडीत दोन वास आहेत, कदाचित तीन. त्यांची कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की महिनाभर कष्ट होतात आणि वास तसाच राहतो.

डांबरगोळी म्हणजे बहुतेक वेळा नॅफ्थलीन. ते पातळ न होता थेट हवेत उडतं, म्हणून कपाटातली गोळी महिन्या-महिन्याला बारीक होत जाते. ती जाते कुठे? कपड्यांत, कपाटाच्या लाकडात, साडीच्या प्लॅस्टिक कव्हरात. तुमच्या साडीत या घटकेला खरोखरचं नॅफ्थलीन मुरलेलं आहे. ते उडून बाहेर पडलं की वास संपला. त्याला मारायचं काही नसतं, त्याला वाट द्यायची असते. मोकळी, हलती, किंचित उबदार हवा ही ती वाट.

म्हणूनच खायच्या सोड्याचा इथं उपयोग नाही. सोडा आम्लधर्मी वास ओढतो, म्हणजे घामाचा, आंबट झालेला वास. नॅफ्थलीन ना आम्ल ना अल्कली, सोड्याशी त्याचं काही होत नाही. उलट सोड्याचे कण जरीच्या विणीत जाऊन बसतात, आणि दमट हवेत ते अल्कधर्मी ओले कण रेशमाला आणि रंगाला सोसत नाहीत. वाटीत घालून शेजारी ठेवला तर नुकसान काही नाही, पण साडीवर भुरभुरवू नका.

कुबट वासाची गोष्ट निराळी. तो ओलाव्याचा आणि बुरशीचा. हवेतली आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला घर मिळतं, आणि तिला खायला लागतं ते साडीत असतंच. दुकानात रोल पॉलिश करताना दिलेली खळ, पदराला लागलेला हळदी-कुंकवाचा, जेवणाचा डाग, आणि फॉल. फॉलकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो सुती असतो, पायाची धूळ आणि ओल तोच पितो. तुमच्या साडीला फॉल लावलेला असेल तर आधी त्याचाच वास घ्या. माझ्याकडे कुबट म्हणून आलेल्या साड्यांत कितीतरी वेळा रेशीम ठीक निघालं आणि वास सगळा फॉलमध्ये होता. तो अलगद उसवून टाकला की निम्मं काम होतं.

तिसरा वास ड्रायक्लीनचा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पेट्रोल वॉश करतात, म्हणजे पेट्रोलियमपासून काढलेल्या द्रावणात. नॅफ्थलीन अशा द्रावणात चांगलं विरघळतं, तेव्हा ड्रायक्लीनचा उपयोग झालाच नाही असं मी म्हणणार नाही. चार दिवस बरं वाटलं ते त्यामुळेच. पण मग परत का आला? मला तीन शक्यता दिसतात. साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत आली आणि तशीच राहिली, त्यामुळे उरलेलं द्रावण आत कोंडलं गेलं. दुकानातलं द्रावण गाळून पुन्हा पुन्हा वापरलेलं असलं तर दुसऱ्यांच्या कपड्यांचे वासही त्यातून आले असतील. आणि तिसरी, मला सगळ्यात जास्त खात्रीची वाटणारी, म्हणजे साडी परत त्याच कपाटात गेली. पस्तीस वर्षं नॅफ्थलीन प्यालेलं लाकूड आता स्वतःच डांबरगोळी झालेलं आहे. जूनमध्ये तुम्ही साडी ठेवलीत आणि पावसाळाभर त्या फळ्यांनी तिला परत वास दिला, त्यात ओलावाही मिळाला.

वास ओळखण्यासाठी एक दिवस द्या. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, साडी मोकळ्या खोलीत उघडा आणि अंग, पदर, काठ, फॉल, घडीच्या आतला भाग, असा एकेका जागेचा वास घ्या. नाक दहा-पंधरा मिनिटांत सरावतं आणि मग काही कळत नाही. शेजारच्या काकूंना बोलावलंत तर उत्तम, ज्यांचं नाक तुमच्या घराला सरावलेलं नाही. घड्यांवर पांढरी-करडी भुकटी दिसते का, डाग पडलेत का, तेही उजेडात बघून घ्या.

याच वेळी साडीची तब्येत बघायची. एका कोपऱ्यात अंगाचा धागा बोटांनी हलकेच ताणून बघा. कट्-कट् असा आवाज आला, घडीच्या रेषेवर रेशीम चिरलेलं दिसलं, किंवा जरीच्या वजनानं पदराशी अंग फाटायला आलं असेल, तर साडी विरली आहे. मग पुढचं काहीही घरी करू नका. तशी साडी लग्नात नेसण्याचा आग्रहही धरू नका. काठ-पदर नव्या अंगावर चढवून घेणं हा अशा वेळी सन्मानाचा मार्ग आहे, आणि येवल्यात, पुण्यात हे काम करणारे कारागीर आहेत. फार जुनी, जपून ठेवण्याजोगी वस्त्रं असतील तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारता येतं.

साडी सशक्त आहे असं धरून पुढचं सांगते.

तुमच्यापुढची खरी अडचण ऋतूची आहे. हा प्रश्न मार्चमध्ये आला असता तर मी म्हटलं असतं, पंधरा दिवस सावलीत वारं लागू द्या, बस्स. आत्ता तुमच्याकडची हवाच ओली. 80 टक्क्यांच्या पुढच्या हवेत गॅलरीत साडी वाळत घातलीत तर नॅफ्थलीन थोडं निघेल आणि बुरशीला मात्र मेजवानी मिळेल. रेशीम हवेतलं पाणी भरपूर पितं. नेहमीच्या हवेत त्याच्या वजनाच्या 11 टक्क्यांच्या आसपास पाणी असतंच, आणि ओल्या हवेत ते आणखी वाढतं. म्हणून काम दोन टप्प्यांत करू. सप्टेंबरात घराच्या आत, कोरड्या खोलीत, वास वाढू न देणं. साडी खऱ्या अर्थानं हवेत उघडणं दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाळ्यात. डिसेंबरला वेळ आहे, घाबरू नका.

पहिला टप्पा. साडी आजच कपाटातून काढा. प्लॅस्टिक कव्हर, आतला वर्तमानपत्राचा कागद, पुठ्ठा, सगळं टाकून द्या. ते कव्हर दुसऱ्या साडीला वापरू नका, प्लॅस्टिकही हा वास पितं. फॉलला कुबट वास असेल तर उसवून घ्या. ज्या खोलीत एसी आहे तिथे दार-खिडक्या लावून तो ड्राय मोडवर चालवा. बाजारात आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं, ते आणाच. आकडा 55 च्या खाली आला की साडी उघडायची. एसी नसेल तर पाऊस नसलेल्या दुपारी, खोलीत पंखा लावून, आणि आकडा 60 च्या वर गेला की साडी घडी करून ठेवून द्यायची. इथे तुमच्या घरावर बरंच अवलंबून आहे. तळमजल्यावरचं, झाडीजवळचं घर असेल तर सप्टेंबरात काहीच करू नका. साडी नुसती स्वच्छ सुती पंचात गुंडाळून घरातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत, पलंगावर ठेवा.

उघडताना हात धुऊन कोरडे करा. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा, कारण पैठणीच्या उलट्या बाजूला जरीचे मोकळे धागे असले तर ते अडकून निघतात. दोरीवर किंवा तारेवर टाकू नका. जरीच्या पदराचं वजन एकाच रेषेवर येतं आणि ती रेष कायमची उमटते. आमच्याकडे जुनी नेटची खाट आहे, तिच्यावर सुती चादर आणि तिच्यावर साडी. खाट नसेल तर जाड बांबूला चादरीचे दोन-तीन वेढे देऊन त्यावर टाकलेलं चालतं. उघडायच्या दिवशी तीन-चार तास, एकदा सुलट, एकदा उलट, दर खेपेला घडीच्या रेषा बदलून. पंखा थेट साडीवर नको, खोलीतली हवा हलती राहिली की पुरे. त्या खोलीत कुणी झोपू नये आणि काम झालं की खोलीची हवा बदलावी. नॅफ्थलीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2002 मध्ये, माणसात कर्करोग करण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत घातलं आहे. दोन तासांनी काही होत नाही, पण रोज रात्रभर हुंगायची ती वस्तू नव्हे.

उघडून ठेवण्याच्या वेळांमध्ये कोळसा कामाला लावा. साधा शेगडीचा नको, त्याची काजळी उडते आणि ताकदही कमी. सक्रिय कोळसा घ्या, नारळाच्या करवंटीचा, पाण्याच्या फिल्टरसाठी आणि माशांच्या टाकीसाठी मिळतो तो. त्याला इतकी बारीक छिद्रं असतात की एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो, आणि नॅफ्थलीनसारखी वाफ त्याला नेमकी चिकटते. अर्धा किलो कोळसा दुहेरी मलमलच्या पिशव्यांत बांधा, पिशवी बाहेरून झटकून पुसा. घट्ट झाकणाची स्टीलची ट्रंक किंवा पिंप घासून, पूर्ण वाळवून घ्या. तळाशी कोळसा, त्यावर जाळी किंवा उलटी चाळणी, तिच्यावर पंचात सैल गुंडाळलेली साडी. कोळसा साडीला कधीही लागता कामा नये. दोन दिवस ट्रंकेत, एक दिवस बाहेर हवेत, असा फेरा. दोन आठवड्यांनी कोळसा बदला. उन्हात ठेवला की तो पुन्हा ताजा होतो असं सांगतात, पण नॅफ्थलीनच्या बाबतीत मला तो अनुभव नाही, मी नवाच घालते.

दसरा झाला की दुसरा टप्पा. तेव्हा आकडा दुपारी 50 च्या आसपास उतरला की गॅलरीत, पण सावलीत. उन्हाबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते, थेट ऊन रेशमाला नको. अतिनील किरणांनी रेशीम पिवळं पडतं आणि कमजोर होतं, रंगही उडतो. आजीच्या काळी ऊन दाखवायचे हे खरं, पण ते बहुधा लोकरीला, गाद्यांना आणि सुती गोधड्यांना. रेशमी वस्त्र माजघरातच दोरीवर चादर टाकून वाळवायचे, हे माझ्या आत्यानं मला लहानपणी दाखवलेलं आहे. उन्हानं तापलेल्या गॅलरीच्या सावलीतली ऊब मात्र हवी, तिच्यानं नॅफ्थलीन लवकर उडतं. दुपारी बारा ते तीन, दहा-बारा दिवस. संध्याकाळी दव पडण्याच्या आत उचलायची.

या सगळ्याला किती दिवस लागतील? तुमच्यासारख्या साड्यांना माझ्याकडे तीन ते सहा आठवडे लागलेत. जाड विणीच्या, जरीनं गच्च भरलेल्या पदराला जास्त. पहिल्या आठवड्यात फरक कळत नाही, उलट साडी हलल्यामुळे वास वाढल्यासारखा वाटतो. तिथे लोक धीर सोडतात आणि अत्तर फवारतात. अत्तर, डिओ, कपड्यांचे फवारे, यातलं काहीही साडीवर मारू नका. पाण्याचे थेंब रेशमावर गोल डाग ठेवू शकतात, आणि सुगंधी तेल जरीला लागलं की धूळ धरतं. धूप-उदाची धुरी दिली तर धुराचे कण कापडात जाऊन बसतात, म्हणजे वासावर वास चढतो. नाटकांच्या कपडेपटात बगलेच्या घामावर व्होडका फवारतात हे मीही ऐकलं-पाहिलं आहे, सुती अस्तराला ते चालतंही, पण पस्तीस वर्षांच्या पक्केपणाची खात्री नसलेल्या रंगावर मी ते धाडस करणार नाही. ओझोनची यंत्रं हल्ली भाड्यानं मिळतात. ओझोन वास मारतो तसाच रंग आणि रेशीमही खातो.

आणि इस्त्री. वास पूर्ण जाईपर्यंत नको. नॅफ्थलीन 80 अंशांना वितळतं, रेशमाच्या इस्त्रीचं तापमान त्याहून पुष्कळ वर असतं. कापडात कण राहिले असतील तर ते पातळ होऊन डाग बनतात आणि वाफ सरळ तुमच्या नाकात जाते.

कुबट वासावर पांढरी भुकटी दिसली तर ती काढायची पद्धत वेगळी आहे. साडी पूर्ण कोरडी झाल्यावर, घराबाहेर, नाकाला मास्क बांधून, मऊ रुंद ब्रशनं विणीच्या दिशेनं हलकेच झटकायची. ओल्या कापडानं पुसलीत की बुरशी आत जाते. काळे-तपकिरी ठिपके असले तर ते डाग आहेत, वास गेला तरी राहतील. त्यांच्या मागे लागू नका. नेसल्यावर निऱ्यांत जातील अशा जागी असतील तर विसरून जा.

आता ज्या गोष्टीनं हे सगळं पुन्हा होणार आहे त्या कपाटाबद्दल. सगळ्या गोळ्या काढा, कोपऱ्यातले चुरे ब्रशनं झाडून घ्या, साबणाच्या पाण्यानं पुसा, आणि ऑक्टोबरभर दारं उघडी ठेवा. जुन्या सागवानाच्या फळ्यांना दोन-दोन महिने लागतात. प्लायवूड असेल तर त्याहून जास्त. तोवर पैठणी त्यात जाऊ नये. स्टीलचं कपाट असलं तर दोन धुण्यांत स्वच्छ होतं.

गोळ्या काढल्या तर कसर, म्हणजे कपडे खाणारी कीड, लागेल अशी भीती तुम्हाला वाटेल, ती मला समजते. पण स्वच्छ रेशमाला कसर सहसा लागत नाही, ती घामाच्या, अन्नाच्या डागांवर येते. साडी नेसून झाली की दोन दिवस हवेत ठेवून मगच घडी करा. जुन्या धुतलेल्या मलमलीत किंवा पंचात गुंडाळा, तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळी घाला. कोपऱ्यात वेखंडाचं कांड आणि वाळा पुरचुंडीत बांधून ठेवा, साडीला न लावता. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर कुरकुरीत वाळलेला, नाही तर त्याचीच ओल बुरशी आणते. माझ्या पहिल्या वर्षांत मी एका बाईंच्या शालूच्या पेटीत जास्त रक्षण म्हणून डांबरगोळ्यांबरोबर कापूरही ठेवला होता. दोन्ही एकत्र आले की कमी उष्णतेत पाझरतात. मे महिन्यात पेटी उघडली तेव्हा शालूवर तेलकट ओघळ होते, आणि ते पूर्ण निघाले नाहीत. तेव्हापासून माझ्या कामाच्या खोलीत डांबरगोळी नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण याच कपाटातल्या जुन्या सुती साड्यांची बाळासाठी गोधडी किंवा दुपटी शिवणार असाल म्हणून सांगते. डांबराचा वास असलेलं कापड तान्ह्या बाळाजवळ नेऊ नका. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, आणि नॅफ्थलीनच्या वाफेनं अशा बाळांच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. सुती साड्या धुता येतात, त्या गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, वास अजिबात राहिला नाही याची खात्री करूनच शिवायला घ्या.

तर क्रम असा. आज साडी बाहेर, कव्हर आणि कागद कचऱ्यात, फॉल तपासून उसवणं. सप्टेंबरात एसीच्या खोलीत तीन-चार तास आणि मधल्या दिवसांत कोळशाची ट्रंक. दसऱ्यानंतर सावलीतली दुपार. नोव्हेंबरच्या मध्याला शेजारच्या काकूंना पुन्हा बोलावून वास घ्यायला सांगा. तेव्हाही डांबर जाणवलं तर एकदा चांगल्या ठिकाणी ड्रायक्लीन करून घ्या. ताज्या द्रावणात, एकटी साडी, असं सांगून. आल्या आल्या पिशवी फाडून दोन दिवस हवेत ठेवा. रोल प्रेस त्यानंतर, आणि खळ न लावता.

नवा फॉल लग्नाआधी पंधरा दिवस लावून घ्या. कोरा फॉल आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, मग लावायला सांगा. नाही तर तो पहिल्याच ओलीत आटतो आणि बोहल्यावर काठ गोळा होऊन बसतो.